जुनी आलिशान मोटार आणि तिचा दुसरा मालक : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोटारीच्या इतिहासाचा विचार आपल्याकडे सामान्यतः दोन अंगांनी केला जातो. एक अंग कारखानदारीचे : वालचंद हिराचंद यांचा कुर्ल्याचा कारखाना, परवाना पद्धती, मारुतीचे आगमन. दुसरे अंग वैभवाचे : संस्थानिकांच्या रोल्स-रॉईस, दसऱ्याच्या मिरवणुकीत निघणारी कोल्हापूरची मायबाख. या दोहोंच्या मधला एक माणूस मात्र अभ्यासकांच्या नजरेतून निसटतो. नवी आलिशान मोटार घेण्याची त्याची ऐपत नसते. दुसऱ्याने दहा-पंधरा वर्षे वापरलेली मर्सिडीज, काँटेसा किंवा स्कोडा तो विकत घेतो, दुरुस्त करतो, चालवतो आणि बहुधा तोटा सोसून पुढच्याला विकतो. नोंदणी पुस्तकात त्याचा उल्लेख दुसरा मालक, तिसरा मालक असा क्रमांकाने होतो. प्रस्तुत निबंध या क्रमांकाच्या मालकाविषयी आहे.

मोटार विकत घेणे आणि मोटारीची मालकी निभावणे या दोन भिन्न गोष्टी असून त्यांचे इतिहासही भिन्न आहेत, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. टंचाईच्या काळात जुनी मोटार महाग होती, पण ती चालती ठेवणे स्थानिक फिटरच्या आवाक्यात होते. उदारीकरणानंतर तीच मोटार स्वस्त झाली आणि तिची देखभाल स्थानिक हातांतून निसटली. खरेदीची किंमत आणि देखभालीची किंमत यांची ही अदलाबदल गेल्या पन्नास-साठ वर्षांत घडली आहे.

यासाठी अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर) निवडण्यास कारण आहे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील हा सर्वांत मोठा जिल्हा. नगर शहर पुणे आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) यांच्या साधारण मध्यावर असून दोन्हीकडे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. पुण्याच्या बाजूला पिंपरी येथे १९९५ पासून मर्सिडीज-बेंझ जुळवली जाऊ लागली, तर औरंगाबादच्या बाजूला शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडा. दोन आलिशान मोटारींच्या जन्मस्थानांमध्ये वसलेल्या नगरने स्वतः देशाला दिली ती लुना. कायनेटिक इंजिनिअरिंगची ही मोपेड १९७२ साली आली आणि प्राथमिक शिक्षकापासून दूधवाल्यापर्यंत सर्वांच्या दारी गेली. नगरचा आणि आलिशान मोटारीचा संबंध त्यामुळे उत्पादकाचा नसून शेजाऱ्याचा आहे. जुन्या मोटारीच्या बाजारात या शेजाराला महत्त्व असते.

चौकट आणि सांगाडा

नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये एक रोल्स-रॉईस उभी आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ साली स्थापन केलेल्या या संग्रहालयातील ही सर्वांत जुनी वस्तूंपैकी एक. ती मोटार म्हणून ओळखू येत नाही, कारण तिच्यावर पोलादी चिलखत आणि फिरता बुरूज आहे. खाली मात्र ‘सिल्व्हर घोस्ट’ची चौकट आहे. पहिले महायुद्ध सुरू होताच ब्रिटनमध्ये या आलिशान मोटारीच्या उपलब्ध चौकटी सरकारने ताब्यात घेतल्या आणि त्यांवर चिलखती गाड्या बांधल्या. वाळवंटात आणि वायव्य सरहद्दीवर अशा गाड्या पुढे अनेक वर्षे वापरात राहिल्या.

या प्रदर्शनवस्तूकडे लष्करी इतिहासाच्या दृष्टीने नेहमीच पाहिले जाते. येथे तिचे महत्त्व वेगळे आहे. त्या काळी रोल्स-रॉईस कंपनी ग्राहकाला इंजिनासह केवळ चौकट विकत असे. वरचा सांगाडा ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घेई. चौकट आणि सांगाडा हे मुळातच विभक्त असल्याने मोटार जुनी झाली की सांगाडा उतरवून दुसरा चढवता येई. राजेशाही मोटारीचा मालवाहू टेंपो होणे किंवा प्रेतवाहिका होणे ही त्या काळातील अपवादात्मक घटना नव्हती. जुन्या आलिशान मोटारीला ‘दुसरे आयुष्य’ मिळण्याची तांत्रिक शक्यता अशा रचनेत होती. पुढे सांगाडा आणि चौकट एकसंध झाली. तेव्हा सांगाडा बदलणे अशक्य झाले, इंजिन बदलणे तेवढे उरले. भारतातील जुन्या आलिशान मोटारीचा पुढचा सारा इतिहास या एका शक्यतेभोवती फिरतो.

टंचाईचे अर्थकारण

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला आणि फोर्डनेही त्याच सुमारास भारतात जुळवणी सुरू केली. १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ पासून डॉज, डिसोटो, प्लिमथ या अमेरिकन मोटारी बाहेर पडू लागल्या. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी तयार मोटारींची आयात बंद झाली. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या शिफारशींनुसार ज्यांच्याकडे प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नव्हता अशा कंपन्यांना केवळ जुळवणी करण्यास वाव उरला नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियरने फियाट ११०० हाती घेतली.

त्यानंतर देशात जेवढ्या मोठ्या अमेरिकन मोटारी होत्या तेवढ्याच राहिल्या. नव्याने भर पडण्याचे मार्ग अरुंद होते. परदेशी वकिलातींनी वापरलेल्या मोटारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. सिनेनट आणि व्यापाऱ्यांकडे दिसणाऱ्या इम्पाला व मर्सिडीजपैकी अनेक या दाराने आल्या. परदेशी वास्तव्य संपवून परतणाऱ्यांना वापरलेली मोटार जबर जकात भरून आणता येई. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने तर देशी मोटारींचे वाटपसुद्धा सरकारी नियमांखाली आणले. फियाटसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहावी लागे. नंबर लागलेल्या मोटारीला बाजारात अधिकृत किमतीपेक्षा अधिक भाव मिळे.

या परिस्थितीचा एक परिणाम आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. जुनी मोटार ही तेव्हा घसरणारी मालमत्ता नव्हती. सोने, जमीन आणि मोटार ही तिन्ही एकाच वाक्यात घेता येत होती. त्यामुळे दुसरा मालक हा पहिल्यापेक्षा गरीब असे, असे म्हणता येत नाही. साखरपट्ट्यात तर याच्या उलटही घडू शकत होते. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पाठोपाठ जिल्ह्यात कारखान्यांची मालिका उभी राहिली. बागायती उसामुळे हातात पैसा आलेल्या वर्गापुढे नवी आलिशान मोटार हा पर्यायच नव्हता. पैसा होता, परंतु वस्तू नव्हती. अँबॅसॅडर किंवा जीप, नाही तर कोणाची तरी जुनी विलायती गाडी. ग्रामीण भागात अँबॅसॅडरला मिळालेली प्रतिष्ठा पक्षपाताने नव्हे, याच परिस्थितीने घडवली.

अमेरिकन मोटारींचे उत्तरायुष्य मात्र श्रीमंतांच्या दारात गेले नाही. डॉज, प्लिमथ, डिसोटो यांची प्रशस्त आसने आणि दणकट पाटे भाड्याच्या वाहतुकीला सोयीचे होते. मुंबई-पुणे टॅक्सी म्हणून या मोटारी अनेक वर्षे खंडाळ्याचा घाट चढत राहिल्या. त्यांचे पेट्रोल इंजिन मात्र परवडेनासे झाले. १९७३ च्या तेलसंकटानंतर तर अजिबातच नाही. तेव्हा फिटरांनी ते इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवले.

मर्सिडीजचे इंजिन काळ्या-पिवळ्या जीपमध्ये

येथे नगरचा संबंध पुन्हा येतो, आणि तो वरवरचा नाही. नवलमल फिरोदिया हे मूळ नगरचे वकील व स्वातंत्र्यसैनिक. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया स्वातंत्र्याच्या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. धाकटे बंधू हस्तीमल यांनी पुढे नगरला कायनेटिक उभी केली. नवलमल यांनी १९५८ साली जर्मनीतील हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेंपो कंपनी काढली. ‘टेंपो’ हे विडाल कंपनीच्या तीनचाकीचे नाव होते. मराठीत ते सामान्यनाम झाले, ही भाषाभ्यासकांनी नोंद घ्यावी अशी गोष्ट. पुढे विडालची टेंपो कंपनी हानोमाग या कंपनीकडे गेली आणि हानोमागचा वाहन विभाग डाइम्लर-बेंझकडे. जर्मनीतील या खांदेपालटामुळे पुण्याजवळच्या एका टेंपो कारखान्याची भागीदारी थेट मर्सिडीजच्या मालकांशी जुळली.

परिणामी बजाज टेंपोच्या मॅटाडोर गाडीत जे डिझेल इंजिन आले ते मर्सिडीजचे ओएम ६३६ होते. हेच इंजिन युद्धोत्तर जर्मनीत १७० डी या मोटारीत बसवले जाई. १९८० च्या दशकात त्याची जागा ओएम ६१६ ने घेतली. हे २.४ लिटरचे, चार सिलिंडरचे इंजिन म्हणजे जगभर टॅक्सी म्हणून नावाजलेल्या मर्सिडीज २४० डी चे इंजिन. त्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या टेंपो ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्स यांमध्ये ते बसवले गेले. नगर, बीड, औरंगाबाद या जिल्ह्यांत काळी-पिवळी म्हणून माणसे वाहणारी ट्रॅक्स आठवावी. आसने दहा, प्रवासी वीस, टपावर बोचकी आणि पुढे मर्सिडीज घराण्याचे इंजिन.

या वस्तुस्थितीचा अर्थ नीट लक्षात घ्यावा लागतो. शेवगाव, पाथर्डी किंवा अकोले येथील ज्या फिटरने ट्रॅक्सचे इंजिन खोलले, व्हॉल्व्ह घासले, पिस्टन रिंगा बदलल्या, पंप कॅलिब्रेशनला पाठवला, त्याच्या हाताला २४० डी चे इंजिन अनोळखी राहिले नव्हते. मर्सिडीज पाहिली नसेल, पण तिच्या हृदयाची रचना त्याला पाठ होती. सुटे भाग पुण्यात मिळत, शिवाय देशी बनावटीचे. मॅटाडोरचे इंजिन जुन्या अमेरिकन मोटारीत, अँबॅसॅडरमध्ये किंवा फियाटमध्ये बसवणे हा गॅरेजांतील नित्याचा उद्योग झाला तो यामुळेच. मोटार एका देशाची, इंजिन दुसऱ्या देशाचे, गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीची आणि जोडणारा फिटर इथला. अभिजात मोटारींच्या शौकिनांना हा प्रकार अपवित्र वाटतो. इतिहासाच्या दृष्टीने पाहता जुनी आलिशान मोटार सर्वसामान्य माणसाच्या वापरात राहिली ती या ‘अपवित्र’ जोडणीमुळे.

त्याच दशकात देशी कारखानदारीने आलिशान मोटारीचा प्रयत्न केला. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा १९८४ साली आली, मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची स्टँडर्ड २००० त्यानंतर वर्षभरात. पहिलीचा साचा ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा, दुसरीचा रोव्हरचा. स्टँडर्ड २००० लवकरच बंद पडली. काँटेसा २००२ पर्यंत निघत होती आणि नंतर दुसऱ्या-तिसऱ्या मालकांच्या हाती दीर्घकाळ राहिली.

किमतीची घसरण

मोटार उद्योग १९९३ साली परवानामुक्त झाला. डाइम्लर-बेंझ आणि टेल्को यांच्या भागीदारीतून १९९४ साली मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली व १९९५ पासून पिंपरीत ई-क्लास (डब्ल्यू १२४) जुळवली जाऊ लागली. मोटार उत्तम होती. अनेकांच्या मते त्या कंपनीने बांधलेल्या सर्वांत टिकाऊ मोटारींपैकी एक. परंतु त्याच वर्षी जर्मनीत तिची उत्तराधिकारी डब्ल्यू २१० बाजारात आली होती. भारतीय ग्राहकाला निवृत्तीच्या उंबरठ्यावरची मोटार नव्या किमतीला मिळत होती, आणि हे त्याच्या ध्यानात आले. विक्री अपेक्षेपेक्षा बरीच कमी झाली. आलिशान मोटारही ‘जुनी पडते’ याचा पहिला अनुभव भारतीय बाजाराला बहुधा याच मोटारीने दिला.

आयातीवरील संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पासून उठले. वापरलेल्या मोटारींसाठी मात्र तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, सुकाणू उजवीकडे असावे आणि आयात मुंबई बंदरातूनच व्हावी, अशा अटी व जबर शुल्क राहिले. त्यामुळे परदेशी जुन्या मोटारींचा पूर आला नाही. जुन्या आलिशान मोटारींचा साठा देशातच, पहिल्या मालकांच्या दारातून तयार झाला.

घसरण किती, याचे एक अधिकृत माप विमा व्यवहारात आढळते. मोटार विम्यासाठी वाहनाची घोषित किंमत ठरवताना सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा धरला जातो. त्यापुढील किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी परस्पर संमतीने ठरवायची. म्हणजे पाच वर्षांत निम्मी किंमत कागदोपत्रीच जाते. आलिशान मोटारीच्या बाबतीत बाजार कागदाच्याही पुढे धावतो.

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांच्या एका गटाने एकाच दिवशी १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या. एकूण किंमत सुमारे ६५ कोटी रुपये, कर्ज स्टेट बँकेचे आणि व्याजदर ७ टक्के. या घटनेची देशभर चर्चा झाली ती लहान शहरांच्या क्रयशक्तीचा पुरावा म्हणून. तिच्याकडे दुसऱ्या मालकाच्या बाजूने पाहिले तर वेगळे चित्र दिसते. एकाच दिवशी घेतलेल्या मोटारींची कर्जे साधारण एकाच काळात फिटतात आणि त्या साधारण एकाच काळात विक्रीला निघतात. व्यावसायिक मालकाने आयकरात घसारा वजा करून घेतलेला असतो. त्याला मोटार विकण्याची घाई असते आणि नवी घेण्याची हौस. अशा वेळी शेजारच्या जिल्ह्यातील ग्राहक हा आपोआप लाभार्थी ठरतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये घातलेली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवलेली बंदी हे आणखी एक निमित्त. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कारवाईबाबत काही दिलासा दिला. तोपर्यंतच्या वर्षांत उत्तरेकडील डिझेल सेडान ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत स्वस्तात उतरत होत्या. महाराष्ट्रात पुन्हा कर भरावा लागतो हे अनेक खरेदीदारांना व्यवहारानंतर कळते, ही गोष्ट वेगळी.

सहावा वेतन आयोग १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. त्यानंतर पगारदार वर्ग मोटारमालक झाला आणि त्याच्यापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. नव्या लहान मोटारीच्या किमतीत दहा वर्षांची मर्सिडीज येते, तर कोणती घ्यावी? आधीच्या पिढीला हा प्रश्न पडणे शक्यच नव्हते.

दारातला हत्ती

हत्ती विकत घेता येतो, पोसता आला पाहिजे, असे आपल्याकडे म्हणतात. आलिशान मोटारीच्या बाबतीत यामागे एक साधे गणित आहे. मोटारीची किंमत निम्मी होते, तिच्या बंपरची होत नाही. पन्नास लाखांची मोटार सात लाखांना मिळाली तरी तिचे ब्रेक, झटके शोषणारे दंडगोल, दिवे आणि टायर पन्नास लाखांच्या मोटारीचेच राहतात. एक मोठी दुरुस्ती खरेदीच्या किमतीचा पाचवा हिस्सा खाऊ शकते.

परीक्षा खरेदीपासूनच सुरू होते. आरसी बुकातील मालकाचा क्रमांक, बँकेच्या तारण नोंदीची मुक्तता (नमुना ३५), हस्तांतरणाचे नमुने २९ व ३०, परराज्यातील गाडी असल्यास नमुना २८ चे ना-हरकत पत्र ही कागदपत्रे पाहावी लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार विक्रेत्याने राज्यांतर्गत व्यवहाराची खबर चौदा दिवसांत द्यायची असते. ती न देण्याची शिथिलता सर्वत्र आढळते आणि महागात पडते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले की, मोटार प्रत्यक्षात कितीही हात पुढे गेली असली तरी नोंदवहीत ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार मालक. सह्या केलेले कोरे नमुने एजंटाच्या हाती देऊन निर्धास्त होणाऱ्या पहिल्या मालकाने हा निकाल वाचावा. नगर (एमएच १६) आणि श्रीरामपूर (एमएच १७) अशी दोन कार्यालये या एकाच जिल्ह्यात आहेत. कागद कोणत्या कार्यालयाचा, हेही पाहावे लागते.

दुसरी परीक्षा पाण्याची. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत आणि डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत असंख्य मोटारी बुडाल्या. चेन्नईच्या पुरानंतर विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या महागड्या मोटारी लिलावात कवडीमोल गेल्याच्या बातम्या तेव्हा प्रसिद्ध झाल्या होत्या. अशी मोटार धुऊनपुसून दूरच्या जिल्ह्यात विकली जाते. आसनाच्या रुळांवरील गंज, गालिच्याखालचा गाळ आणि उग्र सुगंधी द्रव्याचा फवारा ही तिची लक्षणे अनुभवी मेस्त्री लगेच ओळखतो.

तिसरी परीक्षा वयाची, आणि ती मोटारीच्या पिढीनुसार बदलते. डब्ल्यू १२४ च्या शेवटच्या वर्षांतील अनेक मोटारींत इंजिनाच्या वायरिंगचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते. हा दोष कटकटीचा असला तरी समजण्यासारखा आहे. चांगला इलेक्ट्रिशियन वायर मोजून, एकेक जोडून तो दूर करू शकतो. २००२ नंतरच्या ई-क्लासमध्ये (डब्ल्यू २११) ब्रेक विद्युत पंपाने नियंत्रित होत, आणि हा पंप स्वतःच्या वापराची मोजणी ठेवतो. आकडा पूर्ण झाला की इशारा येतो. पंप खोलून घासण्यासारखे त्यात काही नाही. तो बदलायचा. त्याच सुमाराच्या एस-क्लासमध्ये पाट्यांच्या किंवा स्प्रिंगांच्या जागी हवेचे फुगे आहेत. उसाच्या गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर, प्रत्येक गावाच्या वेशीवरील उंच गतिरोधकांवरून जाताना हे फुगे फुटले, तर गाडी गुडघे टेकून बसते आणि तिला उचलून पुण्याला न्यावे लागते.

दोन पिढ्यांतील अंतर येथे मोजता येते. पहिल्या पिढीच्या मोटारीत बिघाड शोधण्याचे साधन कान आणि हात हे होते. दुसऱ्या पिढीत ते संगणक आणि त्याची परवानगी हे झाले. याच नगर शहराजवळ संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. फाळणीच्या वर्षी ती चकलाल्याहून येथे आली. लष्करी वाहनांची चाचणी घेणारे तिचे पट्टे देशात नावाजलेले आहेत. वाहनविद्येचे एवढे मोठे केंद्र एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला मर्सिडीजचा संगणक वाचता न येणारे, तरीही ट्रॅक्सचे इंजिन डोळे मिटून बांधणारे रस्त्याकडेचे गॅरेज. या दोहोंमध्ये ज्ञानाची देवाणघेवाण करणारी व्यवस्था आपल्या तंत्रशिक्षणाने निर्माण केली नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमाचा विचार करणाऱ्यांनी या उणिवेकडे गांभीर्याने पाहणे आवश्यक आहे.

अशा स्थितीत मालक टिकतो तो भंगार बाजाराच्या आधाराने. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता, दिल्लीत मायापुरी. तोडलेल्या एका मोटारीचे अवयव दहा मोटारींना जगवतात. कधीकाळी प्रीमियरचा कारखाना ज्या कुर्ल्यात होता त्याच कुर्ल्यात मोटारी तोडण्याचा बाजार भरभराटीस यावा, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

पंधरा ते पन्नास वर्षे

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. महाराष्ट्रात २०१० पासून पंधरा वर्षांवरील मोटारींना पर्यावरण कर लागू झाला. केंद्र सरकारने नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये केले, आयात मोटारींसाठी ४०,००० रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी हे आकडे दुप्पट झाले. इंधनही बदलले. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. या इथेनॉलचा काही वाटा नगर जिल्ह्यातीलच साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून जातो. ऊसउत्पादकाच्या बिलाला त्याचा हातभार लागतो, आणि १९९५ च्या मोटारीतील रबरी नळ्या व सील त्याच इंधनाने लवकर खराब होण्याचा धोका वाढतो. दोन्ही गोष्टी एकाच घरात घडू शकतात.

दुसरीकडे जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या मोटारीला वेगळा नोंदणी क्रमांक आणि संरक्षण मिळते. त्यासाठी मोटार मूळ स्वरूपात हवी. चौकट, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. शिवाय अशी मोटार रोजच्या वापरात आणता येत नाही, प्रदर्शन, शर्यत-मेळावा आणि देखभाल यांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते.

या अटींमागचा हेतू शुद्ध आहे. पण त्या कोणाला वगळतात हे पाहिले पाहिजे. मॅटाडोरचे इंजिन घालून मुंबई-पुणे रस्त्यावर किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी वीस-वीस वर्षे चालवली गेलेली डॉज या व्याख्येत बसत नाही. संस्थानिकाच्या गॅरेजमध्ये आच्छादनाखाली उभी राहिलेली मोटार बसते. एकीला वापराने जगवले, दुसरीला वापर न झाल्याने. कायद्याने वारसा म्हणून मान्यता दिली ती दुसरीला. फिटरच्या कौशल्याचा पुरावा असलेली मोटार मात्र ‘बदल केलेली’ ठरते. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने या नियमाचा फेरविचार होणे इष्ट आहे. स्थानिक जोडणी हाही वारशाचा एक प्रकार मानून अशा मोटारींसाठी निराळा वर्ग करता येईल.

पिंपरीहून १९९५ मध्ये निघालेल्या डब्ल्यू १२४ ची पन्नास वर्षे २०४५ मध्ये भरतील. तोवर २०१० पासून दर पाच वर्षांनी सात नूतनीकरणे. तिचे मूळ नोंदणी पुस्तक कागदी होते. त्यात प्रत्येक मालकाचे नाव, पत्ता, हस्तांतरणाची तारीख, तारणाची नोंद आणि इंजिन बदलले असल्यास त्याचाही शेरा हाताने लिहिलेला आढळतो. मुंबईचा कारखानदार, पुण्याचा डॉक्टर, श्रीरामपूरचा बागायतदार असा एखाद्या मोटारीचा प्रवास त्या पानांवरून वाचता येतो. स्मार्ट कार्ड आल्यानंतर त्यावर केवळ शेवटच्या मालकाचे नाव आणि त्याचा अनुक्रमांक छापला जातो. दुसऱ्या मालकाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने ही कागदी पुस्तके जेथे अद्याप शिल्लक आहेत तेथून, म्हणजे एजंटांच्या कपाटांतून, भंगारवाल्यांच्या गठ्ठ्यांतून आणि मालकांच्या घरच्या ट्रंकांतून गोळा करण्यास आताच प्रारंभ करावयास हवा.